समक्ष साक्षीचा दंडक

मराठेशाहीत गोतसभेपुढे निवाडा झाला म्हणजे त्याचा महजर लिहिला जाई, अक्षरशून्य कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी, आणि त्या कागदाचे बळ हजर मजालसीच्या मान्यतेत असे. इंग्रजी अंमलात वकील व शिरस्तेदार आले, १८६२ साली मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झाले, परंतु साक्षीदाराने समक्ष उभे राहण्याचा दंडक अबाधित राहिला.

त्याची कसोटी लागली ती मुंबईच्याच एका फौजदारी खटल्यात. कर्करुग्ण स्त्रीवरील शस्त्रक्रियेत हयगय झाल्याचा आरोप होता. तिला पूर्वी तपासलेला अमेरिकेतील डॉक्टर साक्षीस राजी, पण हिंदुस्थानात येण्यास नाखूश. दंडाधिकाऱ्यांनी दूरदृश्य यंत्रणेने जबानी घेण्यास दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि अखेर २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्याअर्थी आरोपीस साक्षीदार दिसतो, त्याचे शब्द ऐकू येतात व उलटतपासणीही करता येते, त्याअर्थी कायद्यास अभिप्रेत असलेली उपस्थिती पडद्यावरही सिद्ध होते. २०२० च्या साथीत चाललेल्या दूरस्थ सुनावण्यांची पायाभरणी, माझ्या मते, २००७ पासूनच्या ई-कोर्ट प्रकल्पातील संगणकखरेदीपेक्षा या निकालानेच अधिक केली.

२०२३ साली त्या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, त्यांत जुन्या मिसलींच्या संगणकीय प्रती काढण्याचे कामही आहे. तालुक्याच्या कचेरीतील कसर लागलेली दप्तरे ज्यांनी उघडून पाहिली आहेत, त्यांना या बाबीची निकड वेगळी सांगावयास नको.