युफोर्बिया

कुंपणाचा शेर आणि त्रिधारी निवडुंग, दोन्ही युफोर्बिया याच प्रजातीचे. फांदी मोडली की पांढरा, डोळ्यांना घातक चीक वाहतो. नाव मात्र एका वैद्याचे. उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेटेनियाचा राजा दुसरा जुबा याने अ‍ॅटलस पर्वतातल्या अशाच एका चिकाळ, औषधी झुडपाला आपला ग्रीक राजवैद्य युफोर्बस याचे नाव दिले. त्यावर पुस्तिकाही लिहिली. ग्रीकमध्ये युफोर्बस म्हणजे चांगला पोसलेला. कोरड्या डोंगरावरही रसाने फुगलेल्या झाडाला हे नाव किती शोभते! राजाने आपल्याऐवजी वैद्याचे नाव द्यावे, हे मला फार मोठेपणाचे वाटते. 1753 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तेच नाव अख्ख्या प्रजातीला दिले. जुबाचे नाव पुढे चिलीतल्या एका ताडवर्गीय झाडाला मिळाले: जुबिया.