पातळी, पात्र आणि नियमसंहिता

कथात्म साहित्यातील पात्र ‘वाढते’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती वाढ मोजण्याची पट्टी आपल्यापाशी नसते. भूमिकाधारी खेळांनी अशी पट्टी सिद्ध केली. तिच्यात वेळोवेळी झालेले बदल हा पात्रकल्पनेच्या इतिहासाचाच एक भाग मानावयास हवा.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ‘चेनमेल’ (१९७१) ही युद्धखेळाची नियमपुस्तिका त्याच्या मुळाशी होती. तीत ‘हीरो’ चार सैनिकांच्या, तर ‘सुपरहीरो’ आठांच्या बरोबरीचा मानलेला होता. नव्या खेळात योद्ध्याच्या चौथ्या व आठव्या पातळीला हीच बिरुदे मिळाली. म्हणजे पातळी ही आधी संख्याबळाची भाषा होती. व्यक्तीच्या चरित्राची भाषा ती नंतर झाली.

ह्या चरित्रांत समता नव्हती. दुसरी पातळी गाठण्यास योद्ध्याला २,००० अनुभवगुण लागत, मांत्रिकाला २,५००, धर्मोपदेशकाला १,५००. मांत्रिक आरंभी दुबळा, पुढे मात्र सर्वांवर मात करणारा. त्याला न्याय कालांतराने मिळे. मानवेतरांच्या वाट्याला तोही नव्हता. ड्वार्फ योद्धा सहाव्या पातळीवर थांबे, हॉबिट चौथ्या. मानवाला अशी मर्यादा नव्हती. कथेचा नायक कोण होऊ शकतो, ह्याचा निर्णय येथे आकड्याच्या रूपाने आधीच दिलेला होता.

२००० मधील तिसऱ्या आवृत्तीने सर्व वर्गांना एकच अनुभवतक्ता दिला व वंशनिहाय मर्यादा रद्द केल्या. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने वर्गांच्या सामर्थ्यांनाही जवळजवळ एकच साचा दिला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्रावीण्याची वाढ वीस पातळ्यांत +२ ते +६ एवढीच राहिली; त्यामुळे उच्च पातळीच्या पात्रालाही सामान्य शत्रूंच्या जमावाची दखल घ्यावी लागते. २०२४ च्या सुधारित नियमांत ‘वंश’ ही संज्ञा जाऊन ‘प्रजाती’ आली.

ह्या प्रवासाला केवळ समतेकडील वाटचाल म्हणणे अपुरे ठरेल. जुन्या संहितेत दोन प्रकारचे भेद एकत्र मिसळलेले होते: एक, काहींची शक्यताच नाकारणारा, दुसरा, पात्राच्या आयुष्याला निराळी लय देणारा. पहिला जाणे इष्टच होते. परंतु समान तक्त्याबरोबर दुसराही क्षीण झाला. न्याय्य नियम आणि विविध चरित्रे ह्यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न प्रत्येक आवृत्तीला नव्याने सोडवावा लागला आहे, आणि कादंबरीच्या समीक्षेलाही तो अपरिचित नाही.