लुईस पवनऊर्जा प्रकल्प

स्कॉटलंडच्या वायव्येकडील आउटर हेब्रिडीज द्वीपसमूहात, लुईस बेटाच्या उत्तर भागात योजलेला व शासनाने परवानगी नाकारलेला पवनविद्युत प्रकल्प. २१ एप्रिल २००८ रोजी स्कॉटिश शासनाचे ऊर्जामंत्री जिम मॅथर यांनी नकाराचा निर्णय जाहीर केला. अक्षय ऊर्जा आणि निसर्गसंरक्षण ही दोन्ही सार्वजनिक हिताची कामे एकाच जागेवर परस्परांना छेद देतात तेव्हा काय होते, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

योजना : अ‍ॅमेक व ब्रिटिश एनर्जी या कंपन्यांनी स्थापलेल्या लुईस विंड पॉवर या कंपनीने २००४ मध्ये २३४ पवनचक्क्या व ७०२ मेगावॉट क्षमतेचा प्रस्ताव दाखल केला. हरकती आल्यावर २००६ मध्ये तो १८१ पवनचक्क्या व सु. ६५२ मेगावॉटपर्यंत कमी करण्यात आला. प्रत्येक पवनचक्कीची पात्याच्या टोकापर्यंतची उंची सु. १४० मी. होती. पवनचक्क्यांपर्यंत पोहोचणारे रस्ते, दगडाच्या खाणी, वीज उपकेंद्रे व मनोरे यांचाही योजनेत समावेश होता.

प्रदेश : बेटाच्या अंतर्भागात पीटची विस्तीर्ण दलदलभूमी आहे. पाणथळ जमिनीत शेवाळ व इतर वनस्पती अर्धवट कुजून हजारो वर्षांत पीटचे थर साचतात. येथील कुटुंबे परंपरेने उन्हाळ्याच्या तोंडावर ‘तैर्स्गेर’ नावाच्या लांब दांड्याच्या हत्याराने पीटच्या ओल्या विटा कापतात, त्या माळावरच सुकवतात आणि हिवाळ्यात सरपण म्हणून जाळतात. पीटमध्ये कार्बनचा मोठा साठा असतो. रस्त्यासाठी चर खणले की पाण्याची पातळी खाली जाते, उघडा पडलेला थर वाळतो आणि त्यातला कार्बन हवेत जातो. त्यामुळे पवनचक्क्यांनी वाचवलेल्या कार्बनमधून ही तूट वजा करावी लागते.

या भूमीवर सोनेरी गरुड, मर्लिन ससाणा, सोनेरी चिखल्या, डनलिन आणि लाल गळ्याचा डायव्हर हे पक्षी वीण करतात. त्यामुळे यूरोपीय संघाच्या पक्षी निर्देशानुसार तिला विशेष संरक्षण क्षेत्राचा दर्जा मिळालेला होता.

मतभेद : स्थानिक परिषदेने प्रस्तावाला पाठिंबा दिला. लोकसंख्येला गळती लागलेल्या बेटावर रोजगार निर्माण होईल, भाड्यापोटी जमीनधारकांना उत्पन्न मिळेल, असा तिचा हिशेब होता. पक्षिसंरक्षण संस्था व अनेक ग्रामस्थ मात्र विरोधात उभे राहिले. शासनाकडे सु. ११,००० हरकती आल्या. पाठिंब्याची पत्रे सु. १०० होती.

निर्णयाचा आधार : स्कॉटलंडमध्ये ५० मेगावॉटपेक्षा अधिक क्षमतेच्या भूप्रकल्पाला १९८९ च्या वीज अधिनियमाच्या कलम ३६ नुसार मंत्र्यांची संमती लागते. स्थानिक परिषदेचे मत विचारात घेतले जाते, पण ते बंधनकारक नसते. संरक्षित क्षेत्राला बाध येणार असेल तर कायदा आणखी कडक होतो : दुसरा पर्याय नाही आणि प्रकल्पामागे अपरिहार्य स्वरूपाचे सार्वजनिक हित आहे, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्याशिवाय संमती देता येत नाही. हरकतींचे पारडे कितीही जड असले, तरी निकाल लागला तो या कसोटीवर. पश्चिमी बेटांवर (आउटर हेब्रिडीजवर) पवनऊर्जेला दार बंद झालेले नाही, असे शासनाने त्याच वेळी स्पष्ट केले.

परिणाम : पुढील घडामोडींनी शासनाचे हे म्हणणे खरे ठरवले. बेटाच्या दक्षिणेकडील आयस्कन येथील प्रकल्पाला २०१० मध्ये संमती मिळाली. लुईस विंड पॉवरने स्टॉर्नोवे शहराजवळ मांडलेला ३६ पवनचक्क्यांचा नवा, लहान प्रस्ताव २०१२ मध्ये मंजूर झाला. मात्र परवानगी मिळाली तरी वीज मुख्य भूमीवर नेण्यासाठी मोठ्या क्षमतेची समुद्री केबल लागते आणि तिच्या अभावी मोठे प्रकल्प वर्षानुवर्षे रखडले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या बेन ग्रीडेग येथील ३ पवनचक्क्या (एकूण ९ मेगावॉट) स्थानिक समुदायाच्या मालकीच्या असून त्यांचे उत्पन्न बेटावरील लोकोपयोगी कामांसाठी वापरले जाते.