वासे मोजता यायचे तेव्हा

‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारा’ हे आपण कृतघ्न माणसाला म्हणतो. ज्यानं जेवू घातलं, त्याच्याच घराचं वाईट चिंतणारा. पण म्हण शब्दशः घेतली तर तिच्यातून एक साधी गोष्ट कळते. पूर्वी जेवायला बसलेल्या पाहुण्यानं मान वर केली की त्याला घराचे वासे दिसायचे. किती आहेत, कुठला वाकलाय, कुठल्याला वाळवी लागलीय, कुठल्या फटीतून उजेड येतोय, सगळं उघड्यावर असायचं.

आता हे आडवं पडून मोबाइलवर वाचत असाल तर क्षणभर वर बघा. पांढरा रंग, पंखा, कदाचित पीओपी. मोजण्यासारखं काही नाही.

छप्पर कधी बदलायचं, हा प्रश्न आज आपल्याला गळती लागल्यावर पडतो. आपल्याकडच्या जुन्या घरांना तो दर उन्हाळ्यात पडायचा आणि त्याचं उत्तर ठिकठिकाणच्या पावसानं वेगवेगळं दिलं होतं. त्यातल्या एका उत्तरानं हजारो माणसांचा जीव घेतला. शहरातल्या गच्च्यांवर आपण नकळत तेच उत्तर पुन्हा गिरवतोय, म्हणून हा इतिहास माहीत असायला हवा.

पावसाच्या आधी

कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. इथं छपराचं पहिलं काम पाणी थांबू न देणं. म्हणून उतार तीव्र आणि वळचण भिंतीच्या बरीच पुढे. सुरुवातीची छपरं गवताची, भाताच्या पेंढ्याची, माडाच्या विणलेल्या झापांची. ती कुजायची, आणि कुजणार हे सगळ्यांनी धरलेलं असायचं. उन्हाळ्यात जुनं काढायचं, नवं घालायचं. या कामाला ‘शाकारणी’ म्हणतात. रोहिणी नक्षत्र संपून मृग लागायच्या, म्हणजे ७-८ जूनच्या आत ती उरकायची.

ज्यांना परवडायचं, त्यांच्या घरांवर नळे आले. कुंभार चाकावर मातीची निमुळती नळी काढायचा, ओली असतानाच तिला दोन बाजूंनी उभी चीर द्यायचा. वाळली की तिचे दोन भाग व्हायचे आणि मग ते भाजायचे. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. हे नळे कशालाही पक्के जोडलेले नसत. वाऱ्यानं, मांजरांनी, माकडांनी ते हलायचे. म्हणून इथंही शाकारणी सुटली नाही. नळे उतरवायचे, शेवाळ झाडायचं, फुटके बाजूला काढायचे, उघड्या पडलेल्या रिपा आणि वासे तपासायचे, मग पुन्हा रचायचं. विदर्भात कौलाला कवेलू म्हणतात आणि या कामाला कवेलू फेरणं.

या पद्धतीत छप्पर एकदम कधीच बदलत नव्हतं. दर वर्षी त्याचा थोडा थोडा भाग नवा व्हायचा. नवं घालण्याआधी जुनं हातात घेऊन बघावं लागायचं, आणि कुजलेलं-फुटकं छपरावर परत जायचं नाही. गळती भिंतीत उतरेपर्यंत वाट बघायची वेळच यायची नाही.

मंगलोरी कौल आणि पत्रा

एकोणिसाव्या शतकात यात मोठा बदल झाला, आणि त्याचं मूळ फ्रान्समध्ये होतं. अल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं. कडेला खाच आणि उंचवटा असल्यामुळे कौल शेजारच्या कौलात बसतं, पाणी खाचेतून खाली वाहतं, आणि नळ्यांसारखा दुहेरी थर रचावा लागत नाही. १८६५ मध्ये बासल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगलोरला अशा कौलांचा कारखाना उभारला. माती नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची. पुढे तिथं स्थानिक उद्योजकांचे कारखानेही निघाले, आणि गलबतांतून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरू लागली. आपण आजही त्यांना ‘मंगलोरी’ म्हणतो.

असं एक कौल दोन-अडीच किलोचं असतं आणि एका चौरस मीटरला पंधराएक कौलं लागतात. म्हणजे चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मंगलोरी कौलानं शाकारणीचं काम हलकं केलं, संपवलं मात्र नाही. चांगलं भाजलेलं कौल पन्नास वर्षं सहज टिकतं, पण त्याखालचं लाकूड तेवढं टिकेलच असं नाही. फुटलेलं एक कौल काढून दुसरं बसवता येतं, म्हणून माळ्यावर पाच-पन्नास कौलं राखून ठेवायची पद्धत पडली.

मग पत्रा आला. लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडून तो ताठ करायची युक्ती लंडनच्या हेन्री पामरनं १८२९ मध्ये पेटंट केली होती. पुढे त्यावर जस्ताचा मुलामा चढू लागला आणि तो जगभर गेला. स्वस्त, हलका, एका दिवसात बसणारा. पण समुद्राकाठची खारी हवा जस्त खाते. गंज आधी धरतो तो खिळ्या-बोल्टांच्या भोकांशी, म्हणजे ज्या जागी पत्रा घराला धरून असतो, नेमका तिथंच.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. जोराचा वारा छप्पर वरून दाबत नाही. तो वरून वाहताना छपराला वर ओढतो आणि वळचणीखालून घुसून आतून उचलतो. त्या दिवशी कौलंही उडाली आणि पत्रेही. फरक असा की कौलांचं छप्पर तुकड्यातुकड्यानं जातं, पत्रा गेला तर अख्खा जातो आणि जाताना समोर येईल ते कापत जातो. दिवस रोहिणीचे, ऐन शाकारणीचे होते. मृग चार-पाच दिवसांवर आला होता. शिवाय टाळेबंदी. कितीतरी घरांनी तो पावसाळा ताडपत्रीखाली सुरू केला.

घाटावरचं उत्तर

सह्याद्री ओलांडून पूर्वेला गेलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो. कुठं पाचशे मिलिमीटर, लातूर-धाराशिवकडे सातशे-आठशे. इथला मोठा त्रास म्हणजे उन्हाळा. गवत जनावरांनाच पुरत नाही, छपराला कुठून आणणार? म्हणून इथं सपाट मातीचं छप्पर आलं: माळवद, किंवा धाबं. लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडं, मग बारीक काटक्या आणि पाला, आणि वरून माती. खोलीत उजेड यावा, धूर जावा म्हणून मध्ये एक साणं.

ही माती कुठलीही चालत नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात, आणि भेगांतून पाणी आत येतं. म्हणून माळवदावर पांढरी माती टाकायची. मराठीत शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्पिढ्या पडलेल्या घरांची माती साठून झालेली ही पांढरी. गावाची जुनी घरं नव्या घरांच्या डोक्यावर जायची.

माळवद उन्हाळ्यात थंड राहायचं. वर धान्य वाळत घालता यायचं, रात्री झोपता यायचं. त्या हवेला ते अगदी शहाणपणाचं छप्पर होतं. पण त्याची निगा राखायची रीत कोकणाच्या उलट होती. पावसानं माती धुपली किंवा गळती लागली, की पुढच्या पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची. काढायचं काही नाही. वर्षाला पाटीभर-दोन पाट्या. आजोबांनी टाकलेल्या मातीवर वडिलांची, तिच्यावर मुलाची. जुन्या घरांवर हा थर एक-दीड फुटापासून दोन-अडीच फुटांपर्यंत गेलेला असायचा.

हिशोब करून बघा. एक घनमीटर मातीचं वजन सुमारे दीड ते पावणेदोन टन. दोन फूट जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला जवळपास एक टन. मंगलोरी कौलांचे पस्तीस-चाळीस किलो आठवा. दहा बाय दहाच्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर नऊ-दहा टन माती होती.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. तीव्रता ६.२. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं हा मध्यम म्हणावा असा. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली.

भूकंप घराला जमिनीखालून हलवतो, आणि जितकं वजन वर, तितका धक्का मोठा. भिंती होत्या ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या. आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. भिंती फाकल्या आणि वरची माती खाली आली. दगडांखाली सापडलेल्याला निदान श्वासापुरती फट मिळू शकते. माती ती फटही भरून टाकते. जिथं छप्पर भिंतींवर नव्हे तर लाकडी खांबांच्या चौकटीवर तोललेलं होतं, तिथं काही घरांत भिंती पडूनही छप्पर खांबांवर उभं राहिलं.

नंतर उरलेली घरं मजबूत करण्यासाठी ज्या सूचना आल्या, त्यांत एक अगदी साधी होती: छतावरची जादा माती उतरवा. पण लोकांना मातीची भीतीच बसली होती. पुष्कळांनी माळवद सोडून पत्रा घेतला आणि त्या मुलखातला एप्रिल-मे पत्र्याखाली काढू लागले.

गच्चीवरचं माळवद

आता आपल्या डोक्यावरच्या स्लॅबकडे येऊ. ‘स्लॅबचं घर’ हे गावोगावी प्रतिष्ठेचं चिन्ह झालं, कारण त्यानं एक वचन दिलं होतं: एकदा टाकला की बघायला नको. कमी पावसाच्या देशावरचं सपाट छत त्यामुळे साडेतीन हजार मिलिमीटरच्या कोकणातही पोचलं.

पण सपाट छतावर पाणी थांबतं. बारीक भेगांतून ते आतल्या सळईपर्यंत जातं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि स्वतःभोवतीचं काँक्रीट फोडतं. छताला तपकिरी डाग पडतात, ठोकलं तर पोकळ आवाज येतो, मग एक दिवस ढलपा पडतो.

गळती लागली की आपण काय करतो? वर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतो. काही वर्षांनी पुन्हा गळलं की त्यावर दुसरा. साडेचार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं. गच्चीवर माणसांनी वावरावं म्हणून इमारतीच्या आराखड्यात धरलेलं वजन साधारण दीडशे किलो असतं. म्हणजे दुसरा कोबा घालताना आपण गच्चीवर कायमची गर्दी उभी करतो, तीही आतून गंजत चाललेल्या छतावर. पाटीभर माती टाकणाऱ्या आजोबांपेक्षा यात वेगळं काय आहे? त्यांचाही हेतू छप्पर नीट ठेवायचाच होता.

शेवटी पुष्कळ इमारती गच्चीवर उतरता पत्रा घालतात. वळचण परत येते, पागोळ्याही येतात. खालची सळई कोणी उघडून पाहिलेली नसते.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानं बंधनकारक आहे. पण छपराचं वय आपण किती वर्षं बघितलं नाही, यावरही ठरतं. कौलं असतील तर वळचणीकडची वाश्यांची टोकं बघा. वाळवी आणि ओल तिथूनच सुरू होतात. लाकूड बोटानं दबत असेल तर कौलं उतरवायची वेळ झाली, मग कौलं कितीही चांगली असोत. पत्रा असेल तर बोल्टांभोवतीचा गंज बघा. खारी हवा असेल तर दर मे महिन्यात. आणि स्लॅब असेल तर सोसायटीच्या सभेत नव्या कोब्याचा ठराव येईल तेव्हा दोन प्रश्न विचारा: आधीचे किती थर वर आहेत, आणि नवा घालण्याआधी त्यांतला कुठला काढणार?

उत्तर कोणालाच माहीत नसेल, तर आधी कोबा फोडून, खालचं काँक्रीट आणि सळई जाणकार अभियंत्याला दाखवायला हवी. हे काम उन्हाळ्यातच करायचं. मृगाच्या आत.