आनंदीबाईंची घरची शाळा

१८७८ सालच्या सप्टेंबर महिन्यात कोल्हापुरातून एक पत्र अमेरिकेला रवाना झाले. लिहिणारे होते टपाल खात्यात नोकरीस असलेले गोपाळराव जोशी आणि ज्यांना लिहिले ते होते रेव्हरंड वाइल्डर. हे वाइल्डर कोल्हापूरकरांना परके नव्हते. १८५२ पासून पुढे वीसहून अधिक वर्षे त्यांनी तेथे मिशनचे काम केले होते, आणि मायदेशी परतल्यावर प्रिन्स्टन येथून ते एक मासिक चालवीत होते. आपल्या पत्नीला शिकवायचे आहे, येथे अडचणी फार आहेत, अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी गोपाळरावांची विचारणा होती. वाइल्डरसाहेबांनी उत्तरात धर्मांतराची वाट दाखविली आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. गोपाळरावांचे काम काही झाले नाही. ज्या पत्नीसाठी ही खटपट चालली होती तिचे वय त्यावेळी तेरा वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने सातवी-आठवीतली मुलगी.

ही मुलगी म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. त्यांची डॉक्टरकी आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे, तैलचित्रांत आहे. मी एक शाळामास्तर. मला त्यांच्या पदवीपेक्षा तिच्या आधीच्या पाच वर्षांचे, म्हणजे १८७८ ते १८८३ या काळाचे कुतूहल अधिक वाटत आले आहे. शाळा जिला जवळजवळ लाभली नाही आणि नवऱ्याच्या बदल्यांमुळे जिचे बिऱ्हाड सारखे हलत राहिले, ती मुलगी परक्या भाषेत इतके नेमके लिहायला कोठे शिकली? आमच्या सीमाभागातील पालकांना हा प्रश्न जुना वाटू नये. वर्षाकाठी दहा-बारा पालक तरी माझ्याकडे येऊन विचारतात, "सर, मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे दुसरी भाषा कन्नड. मराठी घरातच शिकवायला हवी. बोलतो छान, वाचतोही अडखळत. पण लिहायला बसवले की पेन पुढे सरकत नाही. काय करावे?" त्यांना मी आनंदीबाईंची गोष्ट सांगतो. तीच येथे जरा विस्ताराने मांडतो.

आधी जुन्या पद्धतीविषयी दोन शब्द. आपल्याकडे लेखन शिकविणे म्हणजे मुख्यत्वे अक्षर शिकविणे असे. पंतोजींच्या शाळेत मूल धुळाक्षरे गिरवी, मग कित्ता गिरवी, मग मोडी लिहू लागे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे, आणि त्यात अक्षराचे वळण, ओळींची सरळ मांडणी, शाई-लेखणीची निगा यांचा विचार आहे. अक्षर वळणावर आले की पत्रांचे मायने पाठ करावयाचे. वडिलांना कसे लिहावे, बरोबरीच्याला कसे, सरकारदरबारी कसे, हे ठरलेले असे. ही पद्धत टाकाऊ होती असे मी म्हणणार नाही. तिने शतकानुशतके उत्तम कारकून आणि चिटणीस घडविले. परंतु मायना संपल्यावर पुढे स्वतःचे म्हणून काय लिहावे, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. दरबारी लेखकाला तो मजकूर मालक सांगत असे.

आता मूळ विषयाकडे वळू. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा गोपाळरावांशी विवाह झाला. गोपाळराव बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. मुलीला शिकवीन, हा त्यांचा हट्ट होता. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर असे हे बिऱ्हाड फिरले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. मुंबईत काही काळ त्या मिशनच्या शाळेत गेल्या. एरवी शाळा म्हणजे घर आणि मास्तर म्हणजे नवरा. भूजला तर सगळे शिक्षण घराच्या चार भिंतींत होते.

इकडे अमेरिकेत १८८० साली एक योगायोग घडला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत तेथे पडलेले एक जुने मासिक त्यांनी चाळले. ते वाइल्डरांचेच मासिक होते. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरातून निघालेले पत्र त्यांच्या वाचनात आले, आणि त्यांनी त्या अनोळखी मुलीला आपणहून पत्र लिहिले. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांनी उत्तर दिले, आणि तेथून पुढे प्रत्यक्ष भेट होईपर्यंत तीन वर्षे हा पत्रव्यवहार अखंड चालला. कार्पेंटरबाईंना त्या पत्रांतून मावशी म्हणू लागल्या.

माझ्या मते आनंदीबाईंची लेखनाची खरी शाळा येथे सुरू झाली. तोवरचे इंग्रजी हे धडा घेणे आणि धडा देणे होते. नवऱ्याला दाखवायच्या वहीतले वाक्य बरोबर की चूक, एवढाच प्रश्न असतो. ते वाचून त्याला नवे काही कळत नाही, कारण ते त्याला आधीच ठाऊक असते. रोझेलच्या मावशीला मात्र काहीच ठाऊक नव्हते. हिंदू घरात काय खातात, काय नेसतात, सण कसे करतात, मुलींची लग्ने इतक्या लवकर का होतात, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. ज्या गोष्टी आनंदीबाईंना जन्मापासून परिचित म्हणून कधी सांगाव्या लागल्या नव्हत्या, त्या आता शब्दांत मांडाव्या लागल्या. लिहिताना एखादा दुवा सुटला तर मावशीला कळणार नाही, ती पुन्हा विचारील, आणि पत्र जाऊन उत्तर यायला महिने जातील. तेव्हा पहिल्याच खेपेस स्पष्ट लिहिणे भाग होते. आपल्या ढासळत्या प्रकृतीविषयीही त्यांनी लिहिले, आणि मावशीने तिकडून औषधे पाठविली. लिहिलेल्या शब्दाचे समुद्रापलीकडे काही होते, कोणी ते वाचून हालचाल करते, हा अनुभव ज्या मुलाला एकदा आला त्याला पुढे लिहायला बसविण्यासाठी छडी लागत नाही.

या शाळेची परीक्षा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या दिवाणखान्यात झाली असे म्हणता येईल. अमेरिकेस जाण्याआधी आनंदीबाईंनी तेथे इंग्रजीत भाषण केले. वय अठरा पुरे व्हायचे होते. या भाषणाची रचना मी वरच्या वर्गांना निबंधाचा नमुना म्हणून सांगत असतो. लोक त्यांना जे प्रश्न विचारीत होते तेच त्यांनी एकापुढे एक मांडले: अमेरिकेलाच का जाता? येथे सोय नाही काय? एकट्या का जाता? परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? काही अरिष्ट आले तर? आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे? आणि एकेक प्रश्न घेऊन त्याचे उत्तर दिले. प्रस्तावना, मुद्दे, समारोप अशी चौकट त्यांना कोणी आखून दिली नव्हती. समोर खरे आक्षेप होते, ते आक्षेपच मुद्दे झाले. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाने त्यांना एम. डी. पदवी दिली. कोल्हापूर संस्थानने आपल्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली होती; पण त्या जागेवर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वय पुरते बावीसही नव्हते.

घरच्या शाळेची ही एकच कथा नाही. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची मुलगी १८७३ साली अकराव्या वर्षी पुण्याला रानड्यांची सून होऊन आली, तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी तिला घरात पाटीवर मुळाक्षरांपासून शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा विरोध आणि टोमणे सोसून ती शिकली. त्याच रमाबाईंनी पतिनिधनानंतर लिहिलेले आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, आणि मराठी गद्यात त्याला मानाचे स्थान आहे. आनंदीबाईंचे चरित्र लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर याही अशाच, शाळेत न जाता घरी शिकलेल्या. त्या पिढीच्या या स्त्रियांना शाळा नव्हती, परंतु लिहिण्यासारखे काही होते.

तथापि या घरच्या शाळेची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. गोपाळराव कडक होते, एवढे म्हणून भागत नाही. ते मारीत. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी याचा सरळ उल्लेख केला आहे: कोणत्या वयात लाकडाचे तुकडे अंगावर बसले, कोणत्या वयात खुर्च्या आणि पुस्तके फेकून मारली गेली, कधी सोडून जाण्याची धमकी मिळाली. आपल्याला दिलेल्या शिक्षणाचे ऋण त्या नाकारीत नाहीत. परंतु झाले ते योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या त्याच शिक्षकापुढे ठेवतात. हे वाचताना मी थबकतो. मास्तरने शिष्येच्या हाती लेखणी दिली, आणि शिष्येने त्या लेखणीने मास्तरचाच हिशेब मांडला. लेखन शिकविल्याचा याहून मोठा पुरावा कोणता असेल? आणि शिकविणाऱ्याला याहून मोठी ताकीद कोणती? मारून अक्षर वळवता येते, पाठांतर करवून घेता येते. आनंदीबाईंच्या पत्रांतला जिवंतपणा मात्र माराने आला नाही. तो रोझेलच्या मावशीच्या जिज्ञासेने आला.

आता आपल्या घराकडे येऊ. आमच्या शेजारचा सातवीतला एक मुलगा संध्याकाळी मराठीसाठी माझ्याकडे येतो. सुरुवातीस त्याला 'दिवाळी' या विषयावर दहा ओळी सांगितल्या, तर दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, दिवाळीत सर्वांना आनंद होतो, अशा कुणाच्याही वहीत शोभतील अशा ओळी आल्या. मग त्याला म्हटले, तुझी आजी आजऱ्याला असते. तुमच्या मळ्यातले गुऱ्हाळ यंदा कसे चालले आहे ते तिला कळव. हे बोलायला त्याला कोणी शिकवायला नको होते. घाणा, काहील, चुलवाण, मळी, ढेप, गुळव्या हे शब्द तो रोज बोलत होता. कागदावर त्याने ते कधी पाहिलेही नव्हते. दोन संध्याकाळी घालवून त्याने पानभर लिहिले. गुळव्याने रस कसा ढवळला, चटका बसू नये म्हणून तो स्वतः किती लांब उभा होता, सारे आले. आजीचे उत्तर आले: पहिली ढेप देवापुढे ठेवली का, आणि रसाची कळशी शेजारी दिली का, हे तू लिहिलेच नाहीस! पुढचे पत्र दोन पानांचे झाले.

चुका होत्याच. आमच्याकडच्या मुलांचा रफार हमखास चुकतो, कारण कन्नडमध्ये ती खूण अक्षराच्या पुढे येते आणि मराठीत अक्षराच्या डोक्यावर बसते. माझा नियम असा की पहिला खर्डा लिहून होईपर्यंत तांबडी शाई काढायची नाही. मूल वाचून दाखवील, आपण ऐकावे आणि जे कळले नाही तेवढेच विचारावे. मग एका खेपेला एकच चूक घ्यावी, आज रफार, पुढच्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ. शेवटी स्वच्छ प्रत करून ती पाकिटात घालून टपालात टाकावी. वहीत राहिलेले पत्र हे पत्र नव्हे.

मुलाला मराठी लिहिता येणे ही हौसेची बाब आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्यांनी आपल्या घरातल्या जुन्या पेटीचा विचार करावा. आजोबांची मोडीतली कागदपत्रे कितीजणांना वाचता येतात? विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि एका पिढीत घरचेच कागद आपल्याला परके झाले. बालबोध मराठीवर आमच्या जिल्ह्यांत तशी वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर केवळ शाळेकडे बोट दाखवून भागणार नाही. भूजसारख्या परमुलखात शाळेवाचून एका मुलीचे लेखन घडले, त्याला कागद, टपाल आणि मनापासून विचारणारी एक मावशी पुरली. आपल्या मुलांना मावश्या, आत्या, आज्या पुष्कळ आहेत. त्यांनी फोनवर सगळे विचारून घेण्याऐवजी एखादा प्रश्न पत्रासाठी राखून ठेवावा, आणि उत्तर आले की त्यातून दुसरा प्रश्न काढावा, एवढीच विनंती.