कुटुंब नियोजनातील पुरुष सहभाग

कुटुंब नियोजनातील पुरुष सहभाग म्हणजे अपत्यांची संख्या व त्यांतील अंतर ठरविण्यात आणि त्यासाठी गर्भनिरोधक साधन वापरण्यात पतीने उचललेला वाटा होय. महाराष्ट्रात कुटुंब नियोजनाची साधने मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. मात्र त्यांचा शारीरिक भार मुख्यतः स्त्रियांवर पडतो.

इतिहास

महाराष्ट्रात या विषयाची जाहीर चर्चा र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी सुरू केली. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या मतांमुळे त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. या कार्यात त्यांना पत्नी मालतीबाई यांची साथ होती आणि या दांपत्याने अपत्य होऊ दिले नाही.

भारत सरकारने १९५२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या दोन दशकांत पुरुष नसबंदीला महत्त्वाचे स्थान होते. आणीबाणीच्या काळात, १९७६–७७ या वर्षात, देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, परंतु ते अमलात आले नाही. सक्तीविरुद्धच्या रोषानंतर पुरुष नसबंदीचे प्रमाण झपाट्याने घटले आणि कार्यक्रमाचा भर स्त्री नसबंदीकडे वळला.

सद्यस्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पतीची नसबंदी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. देशपातळीवर हे आकडे अनुक्रमे ३७.९ व ०.३ टक्के होते.

वैद्यकीय तुलना

पुरुष नसबंदीत उदरपोकळी उघडावी लागत नाही. बिनटाका पद्धतीत स्थानिक भूल देऊन सूक्ष्म छिद्रातून शुक्रवाहिनी बंद केली जाते व रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. स्त्री नसबंदीत बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पोटावर छेद घ्यावा लागतो. पुरुष नसबंदीने लैंगिक क्षमता किंवा ताकद कमी होते, हा समज निराधार आहे.

ही शस्त्रक्रिया तत्काळ परिणामकारक ठरत नाही. सुमारे तीन महिने निरोध किंवा अन्य साधन वापरून नंतर वीर्यतपासणीने खात्री करावी लागते. विटा व खानापूर तालुक्यातील अनेक कुटुंबे गलाई (सोने-चांदी शुद्धीकरण) व्यवसायासाठी परराज्यांत राहतात. अशा वेळी गावी शस्त्रक्रिया झाल्यास पुढील तपासणी कोठे करायची, हे आधीच ठरवावे लागते.

सातारा जिल्ह्यातील योजना

विट्याच्या शेजारील सातारा जिल्ह्यात २००७ मध्ये नवविवाहितांसाठी एक प्रोत्साहन योजना सुरू झाली. ती 'सेकंड हनिमून पॅकेज' या नावाने ओळखली गेली. विवाहानंतर पहिले अपत्य दोन वर्षे लांबविल्यास ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबविल्यास ७,५०० रुपये देण्याची तरतूद होती. नसबंदी योजनांत मोबदला शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या व्यक्तीला मिळतो. येथे तो दांपत्याच्या निर्णयाशी जोडलेला होता. मूल लवकर व्हावे असा सासरचा आग्रह असताना पतीची भूमिका निर्णायक ठरते, त्यामुळे आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन दांपत्यांशी बोलत.

संमती

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नसबंदीसाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती लागते. जोडीदाराची संमती बंधनकारक नाही. त्यामुळे निर्णय दोघांनी मिळून घेणे इष्ट मानले जात असले, तरी स्वतःच्या शरीराबाबतचा अंतिम अधिकार त्या व्यक्तीकडेच राहतो.

हेही पहा

र. धों. कर्वे
नसबंदी
गर्भनिरोधन