पात्याविना छेद : एका अपघाताची देणगी

१/५
अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत नेत्रचिकित्सालयांच्या फलकांवर आज ‘ब्लेड-फ्री लेसर’ हे शब्द सहज आढळतात. या तंत्राचा उगम मात्र १९९३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात घडलेल्या एका अपघातात आहे.

२/५
जेरार मूरू यांच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात लेसरकिरण शिरला. तपासणाऱ्या डॉ. रॉन कर्ट्झ यांना दृष्टिपटलावर विलक्षण रेखीव, वर्तुळाकार जखम दिसली; भोवतालचा भाग अबाधित होता.

३/५
कारण, या लेसरचे स्पंद फेम्टोसेकंदांत मोजावे इतके अल्पजीवी होते. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. एवढ्या अवधीत उष्णता पसरतच नाही. असे तीव्र स्पंद निर्माण करण्याची पद्धत मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये मांडली होती. त्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

४/५
पूर्वी पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक पुढच्या पडद्याचा, पातळ पापुद्रा यांत्रिक पात्याने उचलत. कर्ट्झ यांनी मूरूंच्या प्रयोगशाळेशी मिळून विकसित केलेल्या तंत्रात लेसर सूक्ष्म बुडबुडे निर्माण करून तो विलग करतो. नंतर एक्सायमर हा दुसरा लेसर पारपटलाला नवा आकार देतो.

५/५
वय अठराहून अधिक, चष्म्याचा नंबर किमान वर्षभर स्थिर आणि पारपटल पुरेसे जाड असणाऱ्यांना ही शस्त्रक्रिया मानवते. केराटोकोनस, डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा किंवा गर्भावस्था असल्यास ती टाळतात. चाळिशीचा चष्मा मात्र तिने सहसा चुकत नाही.